हाकेला ओ देताना

मागावयास आलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नये, अशी शिकवण प्रभू येशूने गिरिप्रवचनात दिली. या शिकवणीला त्याने कोणतीही अट जोडली नाही. मागणारा पात्र आहे काय, दिलेल्याचे तो काय करील, पूर्वी नेलेले त्याने परत केले काय, यांपैकी एकही प्रश्न तिथे नाही. आपण सारेच ही शिकवण मान्य करतो. परंतु ती आचरणात आणू लागलो की पहिल्याच वळणावर अडखळतो. ज्याची गरज खोटी आहे त्याला नकार देणे सोपे असते. खरी अडचण येते ती ज्याची गरज खरी आहे, पण जे मागतो आहे ते दिल्याने त्याचाच नाश होणार आहे, अशा माणसापुढे. तेव्हा प्रश्न असा, की प्रत्येक खऱ्या गरजेला ओ देणे हा नेहमीच सद्गुण असतो काय? आणि नसेल, तर प्रेमापोटी दिलेला नकार आणि कठोरपणातून आलेला नकार यांतला भेद कशावरून ओळखावा?

नीतिशास्त्राच्या ग्रंथांत या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे मात्र वाचकांना एका निराळ्या वाटेने नेण्याचा विचार आहे. आपल्या देहात, जन्माच्याही आधीपासून, अशाच हाकांचा आणि त्यांना दिलेल्या ओचा एक व्यवहार चालू असतो. रक्तवाहिन्या निर्माण होतात त्या याच व्यवहारातून. गेल्या पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांनी तो बराचसा उलगडला आहे. त्याकडे पाहिल्याने आपला प्रश्न सुटत नाही. परंतु तो अधिक नेमका होतो, असे मला वाटते.

प्राणवायूची हाक

हृदयातून निघालेले रक्त पुन्हा हृदयाकडेच येते, हे विल्यम हार्वी या इंग्रज वैद्याने १६२८ मध्ये आपल्या ग्रंथात दाखवून दिले. मात्र धमनीतले रक्त शिरेत उतरते कुठून, हे त्याला दिसले नव्हते. ती जागा १६६१ मध्ये इटलीतील मार्चेल्लो माल्पिगी याने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून पाहिली. केसाहूनही बारीक अशा वाहिन्यांचे ते जाळे होते. या केशवाहिन्यांची भिंत पेशींच्या एकाच थराची असते आणि तिच्यातून प्राणवायू बाहेर झिरपतो. परंतु त्याची झेप फार दूरची नव्हे. मिलिमीटरच्या दहाव्या ते पाचव्या हिश्शाइतक्या अंतरापलीकडे तो पुरेसा पोहोचत नाही. म्हणून गर्भ वाढू लागतो किंवा जखम भरू लागते, तेव्हा नव्याने झालेल्या कित्येक पेशी वाहिनीपासून दूर पडतात आणि गुदमरू लागतात.

गुदमरणारी पेशी हाक मारते. ही केवळ कवीची भाषा नव्हे. प्राणवायू पुरेसा असतो तोवर पेशीतील एक विशिष्ट प्रथिन तयार होताच मोडून टाकले जाते. प्राणवायू उणा पडला, की ते टिकून राहते, पेशीच्या केंद्रकात शिरते आणि निद्रिस्त जनुकांना जागे करते. विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा या तिघांना ही यंत्रणा उलगडल्याबद्दल २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जाग्या होणाऱ्या जनुकांपैकी एक 'व्हीईजीएफ' नावाच्या वृद्धिकारक प्रथिनाचे असते. हे प्रथिन पेशीबाहेर पडते आणि आसपास पसरते. उगमाजवळ ते दाट असते, दूर जावे तसतसे विरळ होत जाते. त्यामुळे हाक नुसती ऐकू येते असे नव्हे, तर ती कोणत्या दिशेने येते आहे हेही ऐकणाऱ्याला कळते.

ऐकणारे दोन कान

हाक कितीही आर्त असली तरी ऐकणाराच नसेल, तर ती हवेत विरते. वाहिनीच्या अस्तरातील पेशींवर व्हीईजीएफ ऐकणारे रेणू असतात. त्यांना शास्त्रीय परिभाषेत 'ग्राही' म्हणतात. ग्राही पेशीच्या आवरणात आरपार रोवलेला असतो. त्याचे एक टोक बाहेर, दुसरे आत. व्हीईजीएफची घडण दुहेरी असल्यामुळे ते एकाच वेळी दोन ग्राहींना धरते आणि त्यांना एकमेकांच्या निकट आणते. मग आतल्या बाजूस एक लक्षणीय गोष्ट घडते. एक ग्राही दुसऱ्याच्या ठरावीक जागांवर फॉस्फेटचा अंश चढवतो आणि दुसरा पहिल्याच्या. एकटा ग्राही स्वतःला नीटसा जागा करू शकत नाही. त्याला शेजाऱ्याने जागे करावे लागते. फॉस्फेट चढलेल्या त्या जागांवर पेशीतील इतर प्रथिने येऊन बसतात आणि निरोप आत जातो. एका वाटेने विभाजनाचा, दुसऱ्या वाटेने तगून राहण्याचा, तिसऱ्या वाटेने शेजारच्या पेशीशी असलेला सांधा सैल करून पुढे सरकण्याचा.

निरोप पोहोचला, की काही एन्झाइमे ते फॉस्फेट उतरवतात. ग्राही पेशीच्या आत ओढला जातो आणि अनेकदा मोडीत निघतो. ऐकण्याची योजना जितकी काळजीपूर्वक आहे, तितकीच ऐकून झाल्यावर थांबण्याचीही आहे.

वर वर्णिलेला ग्राही शास्त्रज्ञांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिल्या क्रमांकाचा ग्राही प्रथमदर्शनी बुचकळ्यात टाकणारा वाटतो. तो व्हीईजीएफला दुसऱ्यापेक्षा सुमारे दसपट घट्ट धरतो, पण धरून आत फारच क्षीण निरोप पाठवतो. मग त्याचे प्रयोजन काय? टोरांटो येथील शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या दोन प्रयोगांचे निष्कर्ष १९९५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या गर्भात दुसरा ग्राही नव्हता, त्यात रक्तवाहिन्याच घडल्या नाहीत. हे तर्काला धरूनच होते. परंतु ज्या गर्भात पहिला ग्राही नव्हता, त्यात अस्तराच्या पेशी उदंड झाल्या आणि तरीही त्यांची सुसंगत वाहिनी बनेना. दोन्ही गर्भ जन्मापूर्वीच मृत झाले. पुढे १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी पहिल्या ग्राहीचे केवळ आतले, निरोप पाठवणारे टोक काढून टाकले आणि बाहेरचे तसेच ठेवले. त्या उंदरांच्या वाहिन्या व्यवस्थित झाल्या. यावरून उलगडा झाला, की गर्भावस्थेत पहिल्या ग्राहीचे मुख्य काम हाकेचा जादा भाग आपल्यापाशी धरून ठेवणे हे आहे. तो ऐकतो ते हाक पुढे जाऊ नये म्हणून.

एक कान ओ देण्यासाठी आणि दुसरा ओ आवरण्यासाठी. दोहोंपैकी एक जरी नसला, तरी देह घडत नाही. हाकेची मात्राही अशीच काटेकोर असते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. १९९६ मध्ये असे आढळले, की व्हीईजीएफच्या जनुकाची एकच प्रत गमावलेला उंदराचा गर्भ अकराव्या-बाराव्या दिवसाच्या सुमारास दगावतो. निम्मी हाक पुरत नाही. २००० मध्ये याच्या उलटही दिसून आले. नेहमीच्या दुपटी-तिपटीइतकी वाढ झाली तरी गर्भ वाचत नाही.

पुढारी आणि पाठीराखे

हाक ऐकून वाहिनीच्या सर्वच पेशी एकदम धावल्या तर काय होईल? फाटे पुष्कळ फुटतील, पण वाहिनी एकही होणार नाही. म्हणून प्रत्येक नव्या फाट्याच्या टोकाशी एकच पेशी पुढारी होते. तिला 'अग्रपेशी' म्हणता येईल. बोटांसारखे बारीक तंतू पसरून ती हाकेचा माग काढते. हे दृश्य २००३ मध्ये उंदरांच्या नेत्रपटलात तपशिलाने टिपले गेले. अग्रपेशी पुढे निघताना शेजारणींना स्पर्शाने एक निरोप देते. त्या निरोपाने शेजारणींवरचे ऐकणारे ग्राही कमी होतात आणि आवरणारे वाढतात. त्या मागे राहतात, विभाजन पावतात आणि वाहिनीचा देठ बनतात. देठ नसेल, तर पुढे गेलेल्या पेशीमागून रक्त येणार तरी कसे?

हा निरोप प्रयोगात बंद पाडला, तेव्हा सगळ्याच पेशी पुढारी होऊ पाहू लागल्या. वाहिन्यांची संख्या वाढली आणि त्यांतून वाहणारे रक्त मात्र घटले. आणखी एक गोष्ट २०१० मध्ये स्पष्ट झाली. अग्रपेशीचे पद कायमचे नसते. मागची पेशी पुढे येते, पुढची मागे जाते, आणि जागांची अदलाबदल होत राहते. करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात संत पौलाने एका शरीरातील अनेक अवयवांचा दाखला दिला, तेव्हा यातले काहीच त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही एकाच अवयवाचे शरीर होत नाही, हा त्याचा मुद्दा येथे अक्षरशः खरा ठरतो.

नकारातून मिळालेली दृष्टी

देहात एक जागा अशी आहे, जिथे वाहिन्यांना जवळपास पूर्ण मज्जाव आहे. ती जागा म्हणजे डोळ्याचे पारपटल, अर्थात बुबुळापुढचा पारदर्शक पडदा. तिथे वाहिन्या शिरल्या, तर प्रकाशाची वाट अडेल. २००६ मध्ये असे दाखवण्यात आले, की पारपटलात पहिल्या ग्राहीचा एक सुटा प्रकार असतो. तो पेशीच्या आवरणात रोवलेला नसतो. मोकळा राहून तो तिथले व्हीईजीएफ धरून ठेवतो. म्हणजे हाक तिथेही असते, परंतु ती वाहिनीपर्यंत पोहोचू दिली जात नाही. आपण जे पाहतो, ते या नकाराच्या कृपेने पाहतो.

तथापि एका गोष्टीकडे दुर्लक्ष होऊ नये. पारपटलाला रक्त नाकारले जाते; त्याला उपाशी ठेवले जात नाही. प्राणवायू त्याला बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या थरातून मिळतो आणि पोषण डोळ्याच्या आतल्या द्रवातून. नकार दिला गेला तो एका प्रकारच्या देण्याला. पडद्याच्या जगण्याची तजवीज दुसऱ्या वाटेने झालेली आहे.

तोच सुटा ग्राही अतिरेकाने निर्माण झाला तर काय होते, हेही आपल्याला ठाऊक आहे. गरोदरपणाच्या उत्तरार्धात काही स्त्रियांचा रक्तदाब एकाएकी वाढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, आणि वेळीच उपाय न झाल्यास झटके येऊन आई आणि मूल या दोघांच्याही जिवावर बेतते. डॉक्टर याला 'प्री-एक्लॅम्प्सिया' म्हणतात. बोस्टन येथे काम करणारे भारतीय वंशाचे वैद्य अनंत करुमंची आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये दाखवून दिले, की या आजारात वार हा सुटा ग्राही भरमसाट प्रमाणात आईच्या रक्तात सोडते. आईच्या वाहिन्यांना निरोगी राहण्यासाठी जेवढी हाक रोज ऐकू यावी लागते, तेवढीही मग उरत नाही. डोळ्यात जो नकार दृष्टी देतो, तोच गर्भिणीच्या देहात बेसुमार झाला की प्राण घेऊ पाहतो. तेव्हा नकारालाही मर्यादा हवी. मर्यादेचा उपदेश करणाऱ्यांनी हे विसरता कामा नये.

न शमणारी भूक

आता या व्यवहाराच्या काळोख्या बाजूकडे वळू. बोस्टनच्या बालरुग्णालयातील शल्यवैद्य ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये एक धाडसी मत मांडले. फोकमन हे एका यहुदी धर्मगुरूचे चिरंजीव. प्रयोगात त्यांना असे दिसले होते, की स्वतःच्या रक्तवाहिन्या न मिळालेले अर्बुद एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढत नाही. त्यावरून त्यांनी असा तर्क केला, की अर्बुद एखादे द्रव्य सोडून वाहिन्यांना आपल्याकडे बोलावून घेत असले पाहिजे आणि ते द्रव्य अडवता आले तर अर्बुदाची उपासमार करता येईल. पुष्कळ वर्षे या मताकडे संशयानेच पाहिले गेले. १९८३ मध्ये बोस्टनच्याच डोनल्ड सेंगर आणि हॅरल्ड ड्वोरॅक यांना अर्बुदातून पाझरणारे आणि वाहिन्या गळक्या करणारे एक प्रथिन सापडले. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील नेपोलिओने फेरारा यांनी वाहिन्या वाढवणारे प्रथिन वेगळे काढून त्याला व्हीईजीएफ हे नाव दिले. दोन्ही प्रथिने एकच निघाली.

येथे मन थबकते. गर्भ ज्या शब्दाने हाक मारतो, त्याच शब्दाने अर्बुदही हाक मारते. अर्बुदाला स्वतःची निराळी वर्णमाला नाही. आईच्या उदरात शिकलेले शब्दच ते वापरते. आणि त्याची हाक बहुतेक वेळा खोटीही नसते. त्याच्या पेशी खरोखरच गुदमरत असतात. ग्राहीपाशी पोहोचणारे प्रथिन तेच, त्याची पकड तीच, आत जाणारा निरोपही तोच. कोणती हाक बाळाची आणि कोणती अर्बुदाची, हे ग्राहीला त्या शब्दावरून कळण्याची काही सोय नाही.

मग फरक कुठे आहे? तो हाकेत नाही. ओ मिळाल्यानंतर जे घडते त्यात आहे. जखमेकडे वाहिन्या येतात, प्राणवायू पोहोचतो, हाक मंदावते. जादा झालेल्या वाहिन्या ओसरून जातात आणि जखम भरते. अर्बुदात असे होत नाही. ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये अर्बुदांचे वर्णन न भरणाऱ्या जखमा असे केले, ते या अर्थाने. तिथल्या वाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या आणि कुठूनही कुठेही गेलेल्या असतात. गळतीमुळे आतला दाब वाढतो आणि रक्त नीट फिरत नाही. वाहिन्या वाढूनही पेशी गुदमरलेल्याच राहतात आणि अधिक मोठ्याने हाक मारतात. मिळते पुष्कळ, पोहोचत मात्र नाही. मूत्रपिंडाच्या एका प्रकारच्या कर्करोगात तर याहूनही पुढची पायरी आढळते. तिथे प्राणवायू मोजणारी यंत्रणाच बिघडलेली असते. समोर प्राणवायू भरपूर असतानाही पेशी टंचाईची हाक देत राहतात.

हे लिहिताना एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख केला पाहिजे. कर्करोगाने ग्रासलेली माणसे आपल्या घराघरांत आहेत. त्यांच्या देहात चाललेल्या या घडामोडींचा त्यांच्या पापपुण्याशी काडीचा संबंध नाही. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारले, तेव्हा पाप कोणाचे हा प्रश्नच प्रभूने बाजूला सारला होता. पेशीला इच्छा नाही, म्हणून तिला पापही नाही. आपण देहाकडून दृष्टान्त घेत आहोत, रोग्यावर निकाल देत नाही.

सुव्यवस्था

फोकमन यांच्या कल्पनेचे औषध झाले. व्हीईजीएफला धरून निकामी करणाऱ्या बेव्हासिझुमॅब या औषधाला २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याचा कर्करोग शरीरात पसरलेल्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली होती. नुसत्या रसायनोपचाराने तिथले मध्यमान आयुष्य १५.६ महिने होते. सोबत हे औषध दिल्याने ते २०.३ महिने झाले. मिळालेले महिने थोडे नव्हेत, ज्याला ते मिळाले त्याला विचारावे. पण हा विजय अपेक्षेहून तोकडा होता. स्तनांच्या कर्करोगासाठी २००८ मध्ये दिलेली मान्यता तर २०११ मध्ये काढून घ्यावी लागली. एक हाक दाबली की अर्बुद दुसऱ्या शब्दांनी हाक मारू लागते. शिवाय हाक दाबल्याची किंमत उरलेला देह मोजतो. अशा रुग्णांपैकी अनेकांचा रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिने जातात, जखमा उशिरा भरतात. गर्भिणीच्या त्या आजाराची खूण येथे पुन्हा दिसते.

बोस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे राकेश जैन हे कानपूरच्या आयआयटीत शिकलेले अभियंते. २००१ मध्ये त्यांनी एक वेगळा विचार मांडला. ही औषधे वाहिन्या नष्ट करून गुणकारी होतात असेच मानू नये. योग्य मात्रेत, काही काळापुरती का होईना, ती वाहिन्यांना ताळ्यावर आणतात. गळती कमी होते, रक्त नीट फिरू लागते आणि मग इतर औषधे आतपर्यंत पोहोचतात. उपासमारीहून सुव्यवस्था अधिक फलदायी ठरू शकते, हे या विचाराचे सार होय.

हे वाचताना संत ऑगस्टीनची आठवण येणे अपरिहार्य आहे. वाईट ही स्वतंत्र वस्तू नव्हे. ती चांगल्याची उणीव किंवा विकृती आहे, या निष्कर्षाला तो दीर्घ मानसिक झुंजीनंतर पोहोचला. 'देवाचे नगर' या ग्रंथात सद्गुणाची व्याख्या करताना त्याने प्रेमाच्या सुव्यवस्थेचा निर्देश केला आहे. त्याच्या मते प्रेम असणे पुरेसे नाही. ते योग्य ठिकाणी, योग्य क्रमाने आणि योग्य मात्रेत असावे लागते. बिघडलेले प्रेम मारून टाकून माणूस बरा होत नाही. ते जागेवर आणून बरा होतो.

मग उत्तर काय?

निसर्गात जे घडते ते माणसाने करावे, असे म्हणणे तर्कदुष्ट ठरेल. ग्राहीला निवड नाही, आपल्याला आहे. त्यामुळेच आपली जबाबदारी अधिक कठीण आहे. तरीही देहाच्या या व्यवहाराने तीन गोष्टी सुचवल्या आहेत, आणि त्या शुभवर्तमानाशी ताडून पाहता येतात.

पहिली गोष्ट क्रमाची. ज्या गर्भात ऐकणारा ग्राही नव्हता, त्यात आवरण्यासारखे काही घडलेच नाही. आधी ऐकणे, मग आवरणे. लाजरसच्या दाखल्यातील श्रीमंताने विचार करून नकार दिला नव्हता. दारात पडलेला माणूस त्याच्या लेखी नव्हताच. मर्यादेची भाषा बोलण्याचा अधिकार ज्याने आधी हाक ऐकली आहे त्यालाच आहे. अन्यथा 'दिल्याने लोक बिघडतात' हे वाक्य कृपणतेचे पांघरूण ठरते.

दुसरी गोष्ट ओळखीची. गरज आणि लोभ यांची हाक सारखीच असू शकते; ओळख पटते ती ओ दिल्यावर. खरी गरज भागली की शमते, दुसरी भागवल्याने वाढते. प्रभूने रानात पाच हजारांना जेवू घातले, तेव्हा त्यांची भूक खरी होती आणि ती भागलीही. बारा टोपल्या उरल्या. परंतु त्याच लोकसमुदायाने त्याला बळजबरीने राजा करण्याचे मनात आणले, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला. भाकरी देणारा तोच आणि निघून जाणाराही तोच. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर त्याला स्वतःला लागलेली भूक तर सर्वांत खरी होती. तरी सैतानाच्या सांगण्यावरून धोंड्याची भाकर करण्यास त्याने नकार दिला. भुकेचे खरेपण एवढेच प्रमाण पुरेसे नाही, हे त्याने स्वतःवरच दाखवून दिले.

तिसरी गोष्ट नकाराच्या रीतीची, आणि ही सर्वांत महत्त्वाची. आपल्या समाजात दारूच्या व्यसनाने उभी घरे मोडली आहेत. व्यसनी मुलगा आईपाशी पैसे मागतो, तेव्हा त्याच्या हातांची थरथर ढोंग नसते. त्याची तहान अर्बुदाच्या भुकेसारखी खरी असते, आणि तिला दिलेले त्याच्यातल्या माणसापर्यंत पोहोचत नाही. आई पैसे नाकारते. परंतु ती दार लावून घेत नाही; ताट वाढते, अंथरूण घालते, दुसऱ्या दिवशी त्याला व्यसनमुक्तीच्या बैठकीला घेऊन जाते. तिने गिरिप्रवचन मोडले काय? मला वाटते, तिने ते पूर्णपणे पाळले. ज्या पडद्याला रक्त नाकारले, त्याला तिने अश्रूंतून जगवले. नकार प्रेमाचा आहे की कठोरपणाचा, याची कसोटी हीच: नाकारल्यानंतर आपण त्या माणसाजवळ थांबलो की निघून गेलो?

चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला या दृष्टीने पुन्हा वाचावा. तो थांबला, जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्या माणसाला उतारशाळेत नेले, दोन दिनार दिले, अधिक खर्च झाल्यास परतताना देईन असे सांगितले, आणि आपल्या वाटेने गेला. त्याने आपले सर्वस्व तिथे ओतले नाही आणि हातही झटकले नाहीत. जखमेला लागेल तेवढे दिले, पुन्हा येण्याचे वचन दिले, आणि काही भार उतारशाळेच्या मालकाशी वाटून घेतला.

भार वाटून घेण्याचा हा धागा ग्राहींच्या जोडीशीही जुळतो. एकटा माणूस कळवळ्याने वाहवत जातो, किंवा कंटाळून बहिरा होतो. प्रभूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवले. फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ मध्ये पॅरिस येथे सुरू केलेल्या संत विन्सेंट डी पॉल सोसायटीतही गरिबांच्या घरी जोडीने जाण्याचा परिपाठ आहे. दोघे असले, की एकाला जे ऐकू आले नाही ते दुसरा ऐकतो. एकाचा हात सैल सुटला तर दुसरा सावरतो, आणि एकाचे मन घट्ट झाले तर दुसरा ते जागे करतो. कोणाला किती द्यावे याचे कोष्टक शुभवर्तमानात नाही, आणि ते नाही हे बरेच आहे. कोष्टक हाती आले असते, तर कोणाच्या घरी जाऊन बसण्याची गरज आपल्याला उरली नसती.